कार्बोरेटरचा स्क्रू सगळ्यात शेवटी

पावसाळ्यात ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या सिग्नलला एखादी जुनी मारुती ८०० शेजारी येऊन थांबली की तिच्या स्लोबद्दल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन ज्या संथ वेगानं फिरतं त्याबद्दल, काही विचारावं लागत नाही. बोनेट थरथरत असतं, बाहेरचा आरसा हलत असतो, सायलेन्सरचा आवाज मधेच एक ठोका गाळतो आणि पुन्हा लागतो. चालवणारा एकाच पायानं ब्रेक आणि एक्सिलरेटर सांभाळत बसलेला असतो, कारण पाय उचलला की इंजिन बसणार हे त्याला पाठ झालेलं असतं.

अशी गाडी गॅरेजला नेली की पहिला हात कुठे जाणार हेही ठरलेलं. बोनेट वर, एअर क्लीनरच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर आत, थ्रॉटलचा स्क्रू अर्धी फेरी घट्ट. इंजिनाचा आवाज चढतो. "घ्या, स्लो वाढवून दिला." गाडी बंद पडायची थांबते. थरथर मात्र तशीच राहते, फक्त वरच्या सुरात. आठवड्यानं पेट्रोल जास्त पितेय अशी तक्रार सुरू होते, चावी काढली तरी इंजिन दोन-चार गचके खात फिरत राहतं, आणि मुळात काय बिघडलं होतं ते सांगणारी खूण त्या अर्ध्या फेरीत पुसून गेलेली असते. मला याचं फार वाईट वाटतं. कारण पन्नासातल्या चाळीस वेळा तरी असा दोष घरच्या पार्किंगमध्ये, हातात साधी हत्यारं घेऊन शोधता येतो, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

स्लोला इंजिन इतकं का कुरकुरतं हे कळलं की अर्धा तपास तिथेच होतो. पाय सोडलेला असताना हवेची वाट कमी-जास्त करणारी थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते. वरून हवा पुरेशी येत नाही आणि खाली पिस्टन ओढत राहतात, त्यामुळे चकतीखाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना मिश्रण वाटणाऱ्या नळीत) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो. ठाण्या-नवी मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या गावात धडधाकट इंजिन व्हॅक्यूम गेजवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. पण चकतीच्या वर, कार्बोरेटरच्या घशात, हवेला वेगच नसतो, म्हणून मेन जेटमधून पेट्रोल वर येत नाही. स्लोसाठी वेगळी बारीक वाट ठेवलेली असते. फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या स्वतःच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल स्लो जेटमधून जातं, तिथे त्यात थोडी हवा मिसळते आणि तो फेस चकतीच्या खालच्या एका छोट्या भोकातून मॅनिफोल्डमध्ये उतरतो. त्या भोकात मिक्श्चर स्क्रूचं निमुळतं टोक बसलेलं असतं. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं. एवढ्या वाटेत कचऱ्याचा एक कण अडकला किंवा मॅनिफोल्डला कुठून चोरून हवा मिळाली की प्रमाण लगेच मोडतं. तोच कण ठाणे-बेलापूर रस्त्यावर साठच्या वेगात जाणवतही नाही, कारण तेव्हा मेन जेट काम करत असतो.

म्हणून पहिला प्रश्न हाच: पळताना गाडी कशी आहे? पळताना छान आणि थांबल्यावर वाईट, तर बहुतेक वेळा स्लोची वाट नाहीतर चोरहवा. पळतानाही मिसिंग मारते, चढावर दम टाकते, तर करंट (म्हणजे प्लगच्या ठिणगीची व्यवस्था), व्हॉल्व्ह किंवा पेट्रोलचा पुरवठा. दुसरा प्रश्न, थंड असताना वाईट की गरम झाल्यावर? थंडीत वाईट आणि तापल्यावर सुधारते, तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. थंडीत बरी आणि तापल्यावर डळमळते, तर मिश्रण जाड आहे, चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणारी पट्टी) पूर्ण मागे जात नाही, किंवा उष्णतेनं फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतंय. तिसरा, कधीपासून? टाकी भरल्यापासून, पहिल्या मोठ्या पावसापासून, की गेल्या सर्व्हिसपासून? मालकाला याची उत्तरं माहीत असतात, त्याला कोणी विचारत नाही.

आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांना एक देणगी आहे ती सीएनजी किटची. कार्बोरेटरच्या कितीतरी मारुती ८०० आणि ओम्नी गॅसवर चालत आल्या आहेत. अशा गाडीत अर्ध्या मिनिटात निवाडा होतो. इंजिन गरम करा, गॅसवर स्लो ऐका, मग पेट्रोलवर टाका आणि पुन्हा ऐका. गॅसवर गुळगुळीत आणि पेट्रोलवर वाईट, तर प्लग, पॉईंट (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट होणारे संपर्क), कॉम्प्रेशन यांच्या वाटेला जायचं कारण नाही. दोष कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटेत आहे. दोन्हीवर सारखीच वाईट, तर करंट, चोरहवा किंवा व्हॉल्व्ह. आणि पेट्रोलवर बरी पण गॅसवर मिसिंग, तर आधी करंट बघा, कारण गॅस पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते आणि कमकुवत कॉइल किंवा झिजलेला प्लग तिथे आधी उघडा पडतो. याच गाड्यांत उलटा त्रासही असतो. महिनोन्‌महिने गॅसवरच चालवली की फ्लोट चेंबर कोरडं पडतं, उरलेल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट थर स्लो जेटमध्ये बसतो, पंपाचा डायफ्राम आखडतो. रोज सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोलवर काढले तर हे टळतं.

एक सिलिंडर कामच करत नाही का, हे त्यानंतर बघायचं. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांच्या आसपास फिरू द्या आणि इन्सुलेशन असलेल्या पकडीनं एकेक प्लगची वायर काढा. वायर काढल्यावर इंजिन खाली बसलं, जास्त थरथरलं, तर तो सिलिंडर कमाई करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आपला आजारी सिलिंडर. वायर हवेत लटकत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो. एक जुना प्लग तिला लावून तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. हात कोरडे हवेत, पायात रबरी तळ हवा, आणि पावसात हा प्रयोग करायचाच नाही. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, फायरिंग १-३-२. त्यातला एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा गेला, म्हणून ती इतकी हलते. प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं फायरिंग १-३-४-२. सर्व्हिसनंतर लगेच दोष आला असेल तर दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का ते डिस्ट्रिब्युटरमधला रोटर कुठल्या दिशेनं फिरतो ते पाहून मोजा. आणि तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं डोलतं हे विसरू नका. रबराचं माउंटिंग बसलं असेल तर ते डोलणं सगळं सीटपर्यंत येतं. इंजिन निरोगी असतं आणि माणूस कार्बोरेटर खोलत बसतो.

आता सगळे प्लग काढून ओळीनं ठेवा, पहिला, दुसरा, तिसरा, अदलाबदल न करता. ओळ वाचायची असते, एकटा प्लग नाही. सगळे सारखे काळे आणि कोरडे, काजळी बोटाला लागणारी, तर मिश्रण जाड आहे आणि दोष सगळ्यांना समान अशा जागी आहे: चोक, फ्लोट, एअर क्लीनर. सगळे पांढुरके तर मिश्रण पातळ. पण एकच काळा आणि बाकीचे फिकट तपकिरी असतील तर कार्बोरेटरला दोष देता येत नाही, कारण तो सगळ्यांना एकच मिश्रण वाढतो. त्या एका प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतला तिचा खांब, किंवा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह. एकच पांढुरका असेल तर त्याच्या बाजूच्या मॅनिफोल्ड पॅकिंगमधून हवा शिरतेय. पेट्रोलनं ओला म्हणजे ठिणगी नाही. तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड. गॅप फिलर गेजनं ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा, आणि मधल्या दांडीचा कडक कोपरा झिजून गोल झाला असेल तर प्लग घासत बसू नका, नवे टाका.

पॉईंटच्या गाड्यांत स्लोचे निम्मे दोष पॉईंटमध्ये निघतात, आणि तरीही ते शेवटी बघितले जातात. टोपी काढा, पॉईंट बोटानं उघडून बघा. एका बाजूला खड्डा आणि समोर त्याच आकाराचा सुळका उगवला असेल तर पॉईंटवरची ठिणगी शोषणारा कंडेन्सर गेला आहे किंवा चुकीच्या मापाचा आहे. नुसते पॉईंट बदलले तर थोड्याच दिवसांत तेच होणार. गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. गॅप कमी केला की पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे जातं, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग, हा क्रम कधी उलटा करू नये. टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूण एका जागी ठरली पाहिजे. ती स्लोला मागे-पुढे नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. बुश झिजून शाफ्ट खेळत असेल तर प्रत्येक फेरीला गॅप बदलतो, आणि असं इंजिन जगातला कुठलाच स्क्रू फिरवून शांत होत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट निराळी. खाडीवरची दमट, खारी हवा टोपीच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी बसते. पहाटे कळव्याला किंवा ऐरोलीला उघड्यावर लावलेली गाडी सुरू होताना एक सिलिंडर गाळून चालते आणि दहा मिनिटांत बरी होते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. टोपी सुक्या कापडानं पुसा आणि उजेडाकडे धरून आतून नीट बघा. एका खांबापासून दुसऱ्याकडे गेलेली पेन्सिलच्या रेघेसारखी काळी बारीक रेघ दिसली तर करंटनं प्लास्टिक जाळून स्वतःची वाट करून घेतली आहे. ती रेघ खरवडून जात नाही, टोपी बदलायची. रात्री दिवे बंद करून बोनेट उघडलं आणि वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारला तर खराब वायर निळसर चमकून स्वतःच जागा दाखवते. खाऱ्या हवेनं इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टीही गंजते. तिचे दोन्ही बोल्ट काढून, धातू पांढरा होईपर्यंत घासून परत बसवायला दहा मिनिटं लागतात आणि मंद दिव्यांपासून थरथरणाऱ्या स्लोपर्यंत बरंच काही सुधारतं.

मग चोरहवा. मेकॅनिक म्हणतात, "गाडी हवा खेचते." स्लोला आत येणारी हवा इतकी मोजकी असते की एका फुटक्या रबरी नळीतून शिरणारी हवा तिच्या मानानं खूप मोठी ठरते, पळताना तीच हवा नगण्य. खूण अशी की स्लो स्थिर राहत नाही, वर-खाली हेलकावे खातो, आणि एअर क्लीनर काढून चोकची पट्टी बोटानं थोडी बंद केली तर इंजिन सुधारतं. सुधारलं म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. आणखी वाईट झालं म्हणजे आधीच जाड होतं. एवढी साधी चाचणी, पण तिच्यामुळे तपासाची दिशाच ठरते.

जागा शोधायची पद्धत माझ्या मते पाण्याच्या फवाऱ्याची सगळ्यात चांगली. बरेच जण कार्बोरेटर क्लीनर किंवा थेट पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सर मॅनिफोल्ड तिथून चार बोटांवर असतो. आग लागायला तेवढं पुरतं. साध्या फवारणीच्या बाटलीत पाणी घ्या, करंटच्या भागांपासून लांब राहा, आणि एका वेळी एकच जोड भिजवा: कार्बोरेटरच्या तळाची पॅकिंग, त्याखालचा काळा बेकेलाइटचा ठोकळा, मॅनिफोल्ड हेडला मिळतो ती पट्टी. ज्या जागी पाणी पडताच स्लोचा सूर क्षणभर बदलतो, तिथे हवा शिरतेय. पाण्यानं ती फट क्षणभर बुजते. नळ्यांसाठी पाणी नको, चिमटा पुरे. जिथे ब्रेक बूस्टर आहे तिथे त्याची जाड नळी पकडीनं दाबा. इंजिन शांत झालं तर बूस्टरचा डायफ्राम फाटलाय, आणि तो प्रश्न स्लोपेक्षा ब्रेकचा आहे, तो आधी सोडवा. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डब्याची बारीक नळी काढून तोंडानं ओढा आणि जीभ टेकवा. जीभ चिकटून राहिली तर डायफ्राम शाबूत, सुटली तर फाटका.

थ्रॉटलच्या दांडीचं झिजणं सगळ्यात दुर्लक्षित आहे. लाखभर किलोमीटर तीच दांडी त्याच भोकात फिरत असते. तिचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. बोटाला खडखड जाणवली तर तिथून हवा जातेय. शिवाय अशी दांडी दर वेळी वेगळ्या जागी येऊन बसते. म्हणून सकाळी सेट केलेला स्लो माजिवड्याला पोहोचेपर्यंत बदललेला असतो. यावर उपाय एकच, लेथवर बुश करून घेणं. वागळे इस्टेटमध्ये असलं बारीक काम करणारे कारागीर मिळतात. आणि कार्बोरेटरचे नट आवळताना जोर लावू नका. तळाचा पत्रा मधे वर येऊन वाकडा होतो, मग दोन पॅकिंग लावतात, मग तीन. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून तळ हलक्या हातानं घासून सपाट केला की एकच पॅकिंग पुरते.

इथवर काही सापडलं नाही तर सायलेन्सरच्या तोंडाशी बसा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी नळीच्या तोंडापासून इंचभर लांब धरा. निरोगी इंजिनात ती सतत बाहेरच्या दिशेला फडफडते. ठरावीक अंतरानं पट्टी आत, नळीकडे ओढली जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही अशी दाट शंका घ्या. व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट सैल असतात तेव्हा टकटक ऐकू येते आणि सगळे धावतात. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही. तो व्हॉल्व्हला पूर्ण बसू देत नाही, स्लोला तिथून दाब गळतो, आणि व्हॉल्व्ह जळत जातो. जुन्या पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये याला आणखी एक कारण जोडलेलं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं, ते योग्यच झालं. पण ही इंजिनं त्या शिशाच्या भरवशावर घडवलेली होती. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये उशीसारखा राहायचा. तो गेल्यावर मऊ बैठक हळूहळू खचते, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होतो. म्हणून या गाड्यांचे टॅपेट कमी वापर असला तरी वर्षातून एकदा गेजनं तपासावेत, आणि हेड उघडलंच तर एक्झॉस्टच्या कडक बैठका बसवून घ्याव्यात. मारुती ८०० ला थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरच्या आसपास गॅप असतो. इतर गाड्यांना त्यांच्या पुस्तिकेतलाच आकडा घ्या, अंदाज नको.

कॉम्प्रेशन तपासताना सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, एक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा धक्के मोजून द्या. आकडा किती यापेक्षा आकड्यांमधला फरक किती हे बघा. सगळ्यात वरच्या आणि खालच्यात १५ टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर स्लो कधीच सपाट होणार नाही. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट.

करंट ठीक, हवा बंद, व्हॉल्व्ह ठीक. आता कार्बोरेटर, आणि तोही बाहेरून आधी. चोकची खुंटी पूर्ण आत ढकललेली असताना पट्टी अगदी उभी आहे ना? केबल गंजून पाव इंच अडकली तरी गरम स्लो काळवंडतो. मारुती ८०० च्या ज्या कार्बोरेटरवर पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड आहे, तिथे चावी फिरवताच त्यातून "टक" असा आवाज यायला हवा. आला नाही आणि वायरमध्ये १२ व्होल्ट आहेत, तर सोलेनॉइड गेला. अशी गाडी स्लोला धरतच नाही, पण एक्सिलरेटर दिला की पळते. एका सुटलेल्या वायरीपायी पूर्ण कार्बोरेटर बदलायला सांगितलं जातं, म्हणून हे आधी बघा.

फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून खिडकीशी धरा. तळाशी थरथरणारे पारदर्शक गोळे, हलवले की फुटतात आणि पुन्हा एकत्र येतात: ते पाणी. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. सोसायटीत महिनाभर न हललेल्या गाडीत पावसाळ्यानंतर हे हमखास बघावं. तपकिरी पूड दिसली तर टाकी गंजली आहे, आणि टाकी साफ केल्याशिवाय जेट साफ करण्यात अर्थ नाही. पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटका आहे. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. डाग देताना कथिल कमीत कमी लावा, नाहीतर फ्लोट जड होऊन पातळी वर जाते. जेट साफ करायला तार, टाचणी, गिटारची तार, काहीही घालू नका. पितळ मऊ असतं, भोक एका ओरखड्यानं मोठं होतं आणि ते डोळ्यांना कळतही नाही. क्लीनर आणि दाबाची हवा, पेट्रोल वाहतं त्याच्या उलट दिशेनं. फार चिकटलेलं असेल तर मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा.

पेट्रोल बदललं आहे हेही ध्यानात ठेवायला हवं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल साडेतेराच्या जवळ जातं. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो जुन्याच मापानं वाढत राहतो, म्हणजे मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं. आधीच काठावर सेट केलेली गाडी एवढ्यानं डळमळते. मिक्श्चर स्क्रू पाव फेरी बाहेर काढून स्लोचं भागतं. पण जुन्या काळ्या रबराच्या नळ्या आणि डायफ्राम मात्र बदलावेच लागतात, ते फुगतात, आतून सुटतात आणि त्यांचेच काळे कण स्लो जेटमध्ये जाऊन बसतात. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत अर्धा तास उभी राहिल्यावर डळमळणाऱ्या गाडीत पेट्रोल उकळत असतं. इंजिनाला लावलेल्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून सुधारली तर निदान पक्कं. मग बेकेलाइटचा ठोकळा आणि उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे का ते बघा, बरेचदा कोणीतरी तो काढून फेकलेला असतो.

एवढं झाल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण गरम, चोक उघडा, एअर क्लीनर बसवलेला, दिवे-पंखा बंद. मिक्श्चर स्क्रू आत फिरवत त्याच्या मूळ फेऱ्या मोजून लिहा, अलगद टेकेपर्यंतच. आवळला तर टोकाला खाच पडते आणि स्क्रू निकामी होतो. तिथून दीड ते दोन फेऱ्या बाहेर. थ्रॉटलच्या स्क्रूनं ९०० च्या जवळ आणा. आता मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरी, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून. इंजिनाचा वेग सगळ्यात वर जातो ती जागा शोधा, थ्रॉटल स्क्रूनं वेग परत खाली आणा, पुन्हा मिक्श्चर. दोन-तीन आवर्तनांत दोघं जुळतात. शेवटी मिक्श्चर किंचित आत, वेग २०-३० नं उतरेपर्यंत. जुन्या गाड्यांची पीयूसीतली ३ टक्के सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा अशा सेटिंगवर सहज पाळली जाते. बहुतेक कार्बोरेटरवर स्क्रू आत म्हणजे पेट्रोल कमी. काही थोड्यांवर तो हवा अडवतो आणि उलटं होतं, म्हणून पहिल्या पाव फेरीतच कान देऊन खात्री करा.

मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत गेला तरी इंजिन बंद पडत नसेल तर थांबा. चकती जास्त उघडी आहे आणि पेट्रोल वरच्या भोकांतून येतंय, किंवा फ्लोटची पातळी वर जाऊन मेन नोझलमधून गळतंय. उलट, कितीही बाहेर काढला तरी काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट अजून बंद आहे. दोन्ही वेळा सेटिंग सोडून मागे जायचं.

जमलं की हेडलाइट लावा, पंखा लावा, स्लो किती उतरतो ते बघा. मग इंजिन बंद करून रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी चोक ओढून सुरू करा. तीन-चार मिनिटांनी चोक हळूहळू आत ढकलताना सूर तुटला नाही, तर मिक्श्चरच्या फेऱ्यांचा आकडा, पॉईंटचा गॅप, टॅपेटची तारीख एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढच्या पावसाळ्यात स्लो हलला तर बोनेट उघडण्याआधी ती चिठ्ठी काढा, आणि मेकॅनिकच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायला सांगून तीही त्याला वाचायला द्या.